हाडे झिजविणाऱ्या पेशींची पकड

हाड दगडासारखे निर्जीव भासते. परंतु प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नव्याने घडविला जातो. जुने हाड विरघळविणाऱ्या बहुकेंद्रकी पेशींना अस्थिभंजक पेशी असे म्हणतात. कोलिकर या शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये त्यांना ‘ऑस्टिओक्लास्ट’ हे नाव दिले.

या पेशींचे सारे कार्य त्यांच्या पकडीवर अवलंबून असते. पेशीच्या आवरणातील इंटिग्रीन ही प्रथिने हाडातील प्रथिनांना धरून ठेवतात. आतील बाजूस अ‍ॅक्टिन तंतूंचे सूक्ष्म खुंट दाटीवाटीने जमून त्यांचे कडे बनते. वाटी उपडी घालावी, तशी कड्याच्या आतील जागा बंदिस्त होते. तेथे सोडलेल्या आम्लाने हाडातील खनिज विरघळते व कॅथेप्सिन-के हे विकर उरलेले कोलॅजेन तोडते. पकड सुटताच पेशी पुढे सरकते आणि मागे राहिलेला खड्डा अस्थिजनक पेशी भरून काढतात.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्यामुळे झीज भरणीहून अधिक होते, हाडे ठिसूळ बनतात आणि साध्या पडण्यानेही खुबा मोडू शकतो. बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधे अस्थिभंजक पेशींचे हे कडेच मोडतात. मात्र ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाची असतात. नाचणी, तीळ, दूध यांचा आहार, अंगमेहनत आणि तंबाखूचा त्याग हे उपाय मात्र प्रत्येक घराच्या आवाक्यातील आहेत. शाळा व ग्रामपंचायतींनी त्यांचा प्रसार करणे अगत्याचे आहे.