पितळी स्क्रू सोडवताना हवी सबुरी

मुंबई-चेन्नई लोहमार्गावरील होटगी जंक्शनहून गदगकडे जाणारा फाटा फुटतो. सोलापूरजवळच्या या गावातील एखाद्या जुन्या घराचे सागवानी दार दुरुस्तीला काढायचे ठरले, की पहिली परीक्षा पाहतात ते बिजागरीचे पितळी स्क्रू. वर्षानुवर्षे रंगाखाली दबलेला स्क्रू हलत नाही, जोर लावताच माथ्याची खाच झिजते आणि मग बिजागरी उचकटण्याच्या नादात चौकटीचे लाकूड फुटते. स्क्रू बाजारात नवा मिळतो. तसे सागवान सहजी मिळत नाही.

खाच झिजते, याचे कारण सरळ आहे. पितळ आणि ॲल्युमिनियम हे धातू पेचकसाच्या पोलादापेक्षा मऊ असतात. आटे लाकडात घट्ट अडकलेले आणि पाते खाचेत ढिले असेल, तर आटे सुटण्याआधी खाचेच्या कडा वळतात. म्हणजे उणीव मनगटातील बळाची नसते, पेचकसाच्या निवडीची असते.

पात्याची रुंदी खाचेच्या लांबीइतकी आणि जाडी खाच भरून काढणारी असावी. टोकाकडे निमुळते होत गेलेले पाते फिरवताना खाचेतून वर चढते. गोलसर झालेले टोक कानशीने सपाट करून घ्यावे. अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांनी १९३६ मध्ये पेटंट घेतलेल्या चौफुलीच्या खाचेतही पेचकस असाच वर सरकतो. म्हणून फिरवण्यापेक्षा दाबण्यावर अधिक जोर द्यावा.

प्रत्यक्ष कामास लागण्यापूर्वी खाचेतील रंग हॅक्सॉच्या पात्याच्या तुकड्याने कोरून काढावा. जुन्या रंगात शिसे असू शकते. त्यामुळे जागा ओलसर ठेवावी आणि तोंडावर मास्क असावा. नंतर पेचकस खाचेत उभा धरून मुठीवर हातोडीचे हलके ठोके द्यावेत. आट्यांभोवतीची पकड त्याने ढिली होते. पितळी भांड्यात ताक कळकते, तसाच हिरवट कळंक स्क्रूवरही चढतो आणि त्याला जखडून ठेवतो. स्क्रू प्रथम किंचित आवळावा, मग सोडवावा. थोडा सुटला की पुन्हा आत, पुन्हा बाहेर, असे करत काढावा.

एवढ्यानेही तो हलला नाही, तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक माथ्यावर मिनिट-दोन मिनिटे टेकवावे. पितळ प्रसरण पावून भोवतीचे लाकूड दाबते, तेथील ओलावाही कमी होतो. स्क्रू निवल्यावर बारीक फट उरते. मात्र रॉकेल किंवा तेल सोडलेल्या जागी उष्णता देऊ नये. गाडीच्या ॲल्युमिनियम आवरणातील पोलादी स्क्रूला उपाय थोडा वेगळा. तापवल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. म्हणून तेथे स्क्रूऐवजी आवरण कोमट करावे आणि ते गरम असतानाच स्क्रू फिरवावा.

ऋतूचेही भान हवे. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, ते दिवस या कामास बरे.

स्क्रूचा रंग पिवळ्याऐवजी तांबूस दिसला, तर पितळातील जस्त निघून गेलेले असते. असा स्क्रू ठिसूळ होतो आणि जोराने मधोमध तुटतो. खाच पार झिजली असेल, तर ती पात्याने खोल करावी. तेही साधले नाही, तर केवळ माथा ड्रिलने उडवून बिजागरी काढावी आणि उरलेला दांडा पकडीने फिरवावा.

नवा पितळी स्क्रू बसवताना आधी योग्य मापाचे छिद्र पाडून त्याच मापाचा पोलादी स्क्रू आत-बाहेर फिरवावा, म्हणजे आटे तयार होतात. नंतर पितळी स्क्रूला मेणबत्तीचे मेण लावून तो हलक्या हाताने बसवावा. पुढे कधी दार उतरवण्याची वेळ आली, तर हे चिमूटभर मेणच बरीचशी मेहनत वाचवील.