एकाच घराच्या दोन किमती

पुण्यात वाकडला एका सोसायटीतले एकावर एक असलेले दोन टू बीएचके डोळ्यांसमोर आणा. कार्पेट एरिया सारखा, बाल्कनीचं तोंड एकाच दिशेला, पाणी एकाच टाकीचं. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने घर विकत घेतलंय. किंमत एक कोटी. त्यातले २० लाख पदरचे आणि ८० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी. दर महिन्याला त्यांच्या खात्यातून ६९,४२६ रुपये वळते होतात. चौथ्या मजल्यावरचं कुटुंब भाड्याने राहतं आणि महिन्याला २५,००० रुपये देतं. आकडे समजून घेण्यापुरते धरलेत, पण आपल्या मोठ्या शहरांत तफावत साधारण अशीच दिसते. छप्पर तेच, वारा तोच, आणि एकाचा दाम दुसऱ्याच्या पावणेतीनपट!

मला ही गोष्ट दर वेळी नव्याने थक्क करते. बाजारात एकाच वस्तूचे इतके वेगळे दोन भाव शेजारी शेजारी नांदताना सहसा दिसत नाहीत. घराचे नांदतात, कारण घर म्हणजे एकात एक गुंतलेल्या दोन वस्तू आहेत. एक निवारा: आज झोपायला, स्वयंपाक करायला, मुलांना अभ्यासाला बसवायला जागा. दुसरी म्हणजे उद्यावरचा हक्क: त्या जमिनीची किंमत वाढली तर ती वाढ आपली. भाडेकरू फक्त पहिली वस्तू घेतो. मालक दोन्ही घेतो, आणि दुसरीसाठी बरेच पैसे मोजतो. वर्षाचं भाडं तीन लाख म्हणजे एक कोटीवर तीन टक्के. साडेआठ टक्क्यांनी पैसे उचलून तीन टक्के भाडं वाचवणारी वस्तू माणूस घेतो, याचा अर्थ उरलेलं अंतर भाववाढ भरून काढेल यावर त्याचा भरवसा असतो. बहुतेकांनी हा हिशेब कागदावर मांडलेला नसतो, तरी किमतीत तो आधीच मिसळलेला असतो.

आपल्याकडे घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: भाड्यात घातलेला पैसा पाण्यात गेला. ते खरं आहे का, हे पाहायचं तर कर्जाच्या परतफेडीचं कोष्टक उघडून बसावं. बँकेकडे मागितलं की मिळतं. २० वर्षांच्या कर्जाला त्यात २४० ओळी असतात, आणि प्रत्येक ओळीत हप्त्याचे दोन तुकडे केलेले असतात, व्याज आणि मुद्दल. आपल्या तिसऱ्या मजल्याच्या कर्जाची पहिली ओळ अशी: हप्ता ६९,४२६, त्यात व्याज ५६,६६७ आणि मुद्दल १२,७५९. दुसऱ्या महिन्यात मुद्दल होतं १२,८४९. म्हणजे नव्वद रुपयांनी वाढलं! महिन्यागणिक ते असंच मुंगीच्या पावलांनी सरकत राहतं आणि शेवटच्या ओळीत व्याज पाचशेच्याही आत येतं. पण मधलं अंतर पाहा. ८० लाखांचे ४० लाख कधी होतात? अर्धी मुदत म्हणजे दहा वर्षं, असं आपलं मन सांगतं. कोष्टक सांगतं १६६वी ओळ. तेरा वर्षं आणि दहा महिने.

पहिल्या पाच वर्षांत हे कुटुंब ४१ लाख ६६ हजार रुपये भरतं आणि कर्ज कमी होतं फक्त साडेनऊ लाखांनी. उरलेले ३२ लाख व्याजात गेले. त्याच पाच वर्षांत चौथ्या मजल्याने, दर वर्षी पाच टक्के वाढ धरूनही, भाडं भरलं साडेसोळा लाख. दोन्ही रकमा परत येणार नाहीत. घर विकत घेणाराही भाडेकरूच आहे! तो पैसा भाड्याने घेतो, आणि त्या पैशाचं भाडं म्हणजे व्याज. पाण्यात जाणाऱ्या पैशांची मोजदाद करायचीच तर दोन्ही मजल्यांवरची करायला हवी. तिसऱ्या मजल्याच्या बाजूला मेंटेनन्स, घरपट्टी, गळतीची दुरुस्ती, दर काही वर्षांनी रंग, हेही मांडायला हवं. चौथ्या मजल्यासाठी ते बहुतेक वेळा घरमालक भरतो.

आता याच आकड्यांमधली मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट. हप्ता स्थिर असतो आणि भाडं वाढतं, म्हणून पुढे कधीतरी भाडं हप्त्याला गाठणार हे उघड आहे. कधी गाठेल? २५,००० वर दर वर्षी पाच टक्के धरले तर दहा वर्षांनी भाडं होतं ४०,७२२. वीस वर्षांनी ६६,३३२. अजून एक वाढ झाली की ६९,६४९. म्हणजे कर्जाची वीसच्या वीस वर्षं भाडेकरू कमी भरत राहिला, आणि भाडं हप्त्याला गाठायला आलं तेव्हाच तिसऱ्या मजल्याचा हप्ता शून्य झाला. एक रेष संपते आणि दुसरी तिच्या उंचीला पोचून पुढे चढत राहते. पन्नाशी-साठीत पोचलेल्या माणसाला या क्षणाचं मोल विचारा. नोकरीतून निवृत्ती मिळते, भाड्यातून मिळत नाही.

पण चौथ्या मजल्यानेही वीस वर्षं हातावर हात ठेवून काढलेली नाहीत असं समजा. सुरुवातीचे २० लाख, वाचलेलं मुद्रांक शुल्क, आणि दर महिन्याला हप्ता व मेंटेनन्स यातून भाडं वजा जाऊन उरलेली रक्कम त्यांनी न चुकता गुंतवली आणि कर वजा जाता आठ टक्के मिळाले, तर वीस वर्षांनी त्यांच्याकडे साडेतीन कोटींच्या आसपास जमा होतात. एक कोटीचं घर साडेतीन कोटींचं व्हायला त्याची किंमत दर वर्षी साधारण साडेसहा टक्के वाढावी लागते, तीही सलग वीस वर्षं. काही भागांत वाढते. काही भागांत दहा-दहा वर्षं भाव जागचा हलत नाही, आणि मधल्या काळात शेजारी तीन नवे टॉवर उभे राहतात. घर घ्यायचं की नाही, या प्रश्नात खरा लढा या दोन टक्केवारींचा आहे. त्यात ‘न चुकता’ हे दोन शब्द फार जड आहेत. पहिल्या वर्षी महिन्याला ५० हजार बाजूला टाकत राहणं हे व्रत आहे. हप्ता ते सक्तीने करून घेतो, आणि अनेक मध्यमवर्गीय घरांत गाठीला काही जमलं ते केवळ या सक्तीमुळे. हा गुण हिशेबात दिसत नाही, पण मी तो कधीही कमी लेखणार नाही.

व्याजदर मात्र स्थिर नसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. त्याआधी साडेसहा टक्क्यांनी, २० वर्षांसाठी ८० लाख घेतलेल्याचा हप्ता होता ५९,६४६. दीड वर्ष हप्ते भरून कर्ज ७६ लाख ९२ हजारांवर आलं, आणि रेपोपाठोपाठ त्याचा दरही अडीच टक्क्यांनी चढून नऊ झाला. आता महिन्याचं नुसतं व्याजच ५७,६९२! मुद्दलात जायला उरले १,९५४ रुपये. हप्ता तोच ठेवला तर हे कर्ज फिटायला किती काळ लागेल? गणित म्हणतं, अजून ३८ वर्षं. अडीच टक्के हा आकडा ऐकायला किती किरकोळ वाटतो! हप्ता न वाढवता मुदत गुपचूप लांबत असल्याने अनेकांना याचा पत्ताच लागत नव्हता. ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. हेच गणित उलट दिशेनेही तितकंच जोरात चालतं. आपल्या मूळ कर्जावर दर वर्षी एक जादा हप्ता मुद्दलात भरला, तर ते तीन वर्षांहून अधिक आधी फिटतं.

‘स्वतःचं घर’ या गोष्टीला आपल्याकडे एवढं वजन आलं कुठून? १९व्या-२०व्या शतकाच्या मुंबईत चाळीतली खोली भाड्याची असणं हीच रीत होती. फ्लॅटची मालकी ही कल्पना बरीच नंतरची. १९१५ साली गावदेवीत सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली, देशातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ती एक. मजला आपला आणि जमीन सगळ्यांची, हा तेव्हा केवढा नवा विचार असेल! पुढे १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. युद्ध, फाळणी, घरांची टंचाई अशा काळात भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणं हा त्याचा हेतू. त्यासाठी भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकलं. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा पन्नास वर्षं मुदतवाढ घेत राहिला. गिरगाव, काळबादेवी, दादर इथे शहरातल्या सर्वांत महाग जमिनीवरच्या खोलीचं भाडं हॉटेलातल्या एका जेवणाहून कमी, अशी स्थिती आली.

आणि मग पैशाने स्वतःची वाट काढली: पागडी. जागेत शिरताना घसघशीत रक्कम द्यायची, पुढे महिन्याला नाममात्र भाडं. सोडताना नव्या भाडेकरूकडून पागडी घ्यायची आणि तिचा ठरलेला वाटा घरमालकाला. म्हणजे हक्क विकता येणारा भाडेकरू, आणि घर असून नसल्यासारखा मालक! कायद्याने ही देवघेव गुन्हा होती आणि सारं शहर ती करत होतं. अखेर १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढही. त्याआधी १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की गोठवलेलं भाडं आता न्याय्य राहिलेलं नाही. इतक्या कमी भाड्यात मालक इमारत दुरुस्त करीना आणि पागडी भरलेला भाडेकरू ती सोडीना. पावसाळ्यात टेकू लावलेल्या इमारतींच्या मुळाशी हे जुनं गणित आहे.

भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही, ही धास्ती मालकांच्या मनात तेव्हाच रुजली. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांहून अधिक घरं रिकामी आढळली. त्याच शहरांत २७.५ टक्के कुटुंबं भाड्याने राहत होती. तीन टक्क्यांसाठी कटकट कशाला, असं म्हणून कुलूप लावून ठेवलेली घरं यात किती असतील! आजचा लीव्ह अँड लायसन्स करार या धास्तीवरचा तोडगा आहे. तो नोंदवणं महाराष्ट्रात सक्तीचं आहे, मग मुदत अकरा महिन्यांची का असेना. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट रक्कम भरावी लागते. अंगठ्याचा ठसा, फोटो, दोन साक्षीदार, आणि काम झालं.

मुंबईत आणखी एक प्रकार चालतो, हेवी डिपॉझिट. मोठी रक्कम मालकाकडे ठेवायची, भाडं अगदी थोडं किंवा नाहीच, जाताना रक्कम परत. दक्षिण कोरियात ही पद्धत ‘जॉन्से’ नावाने देशभर रुजलेली आहे. घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम दोन वर्षांसाठी मालकाला द्यायची आणि महिन्याचं भाडं शून्य. त्या पैशाचं व्याज हेच मालकाचं भाडं. भाडं आणि व्याज एकच आहेत, हे याहून स्वच्छ कुठे दिसणार?

हिशेबाबाहेरचंही बरंच असतं. मालकाचा मुलगा परदेशातून येतोय, दोन महिन्यांत घर खाली करा, असा फोन आला की पोरांची शाळा, आईचे डॉक्टर, शेजारचा जीव लावलेला मैतर, सगळं उचकटतं. आडनाव, आहार, लग्न झालंय की नाही, यांच्या चौकशा सोसाव्या लागतात. ते दुखणं खरं आहे. उलट, हप्त्यात अडकल्यामुळे दुसऱ्या शहरातली चांगली नोकरी नाकारलेला, किंवा पझेशनची वाट पाहत भाडं आणि हप्ता दोन्ही भरणारा माणूसही आपल्या ओळखीत असतो.

माझं मत विचाराल तर निकाल वर्षांवर लागतो. पुण्यात एक कोटीच्या घराला सात टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी, मिळून सात लाख तीस हजार पहिल्याच दिवशी जातात. महिलेच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत आहे. तीन वर्षांत घर विकलं तर हा खर्च महिन्याला वीस हजारांवर पडतो, वीस वर्षं राहिलात तर तीन हजारांवर. पुढची सात-आठ वर्षं याच शहरात काढायची खात्री नसेल, तर भाड्याने राहण्यात काडीचाही कमीपणा नाही, आणि नातेवाइकांनी तसा तो मानू नये. खात्री असेल, हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्शात बसत असेल आणि सहा महिन्यांचा खर्च गाठीला असेल, तर घर जरूर घ्या. मात्र कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी बँकेकडून त्या २४० ओळींचं कोष्टक मागून घ्या, घरी आणा आणि दोघांनी मिळून पहिल्या ओळीपासून वाचा.