बधिर विरुद्ध तिखट

दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य हिरडीत सुई टोचून ती जागा बधिर करतात, हे सर्वांना ठाऊक असते. ‘बधिर करणे’ याच्या विरुद्ध अर्थाचा शब्द कोणता, असे वर्गात विचारून पाहावे. ‘संवेदना परत येणे’ किंवा ‘शुद्धीवर आणणे’ अशी उत्तरे मिळतील. ती चूक म्हणता येणार नाहीत. पण अपुरी आहेत. बधिरपणा ओसरला की संवेदना आपल्या नेहमीच्या पातळीवर येते. ती या पातळीच्याही वर जाऊ शकते काय?

जाऊ शकते, आणि त्यासाठी मराठीत फार चांगले शब्द आहेत. सोललेला गुडघा ‘हुळहुळतो’, मार लागलेली जागा ‘हळवी’ होते. उन्हात करपलेल्या पाठीला सदऱ्याचा स्पर्शही सोसत नाही, आणि एरवी सुखद वाटणारे कोमट पाणी चटका देते. पाणी तेच, सदरा तोच. बदल झाला आहे तो कातडीतील चेतातंतूंमध्ये. शास्त्रज्ञ याला ‘संवेदीकरण’ म्हणतात. बधिरीकरणाचा खरा विरुद्धार्थ हा आहे.

‘बधिर’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ बहिरा. हाक मारली तरी न ऐकणाऱ्या कानाचे नाव आपण न जाणवणाऱ्या कातडीला दिले. बहिऱ्याच्या उलट ज्याला बारीकशी चाहूलही लागते, त्याला आपण ‘तिखट कानाचा’ म्हणतो. हा ‘तिखट’ शब्द विज्ञानाच्या दृष्टीनेही किती अचूक आहे, ते आता पाहू.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिन या द्रव्यामुळे असतो. हे द्रव्य चेतातंतूंच्या टोकांशी असलेल्या एका प्रथिनाला चिकटते. डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे हे प्रथिन शोधून काढले. हे प्रथिन म्हणजे पेशीच्या आवरणातील एक दार आहे. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले की दार उघडते, विद्युतभारित कण आत शिरतात आणि ‘भाजले!’ असा संदेश मेंदूकडे निघतो. कॅप्सायसिन हेच दार उष्णतेवाचून उघडते. मिरचीने तोंडाची ‘आग होते’ असे आपण म्हणतो, ते मेंदूच्या दृष्टीने अक्षरशः खरे असते. स्पर्श व तापमान जाणणाऱ्या अशा ग्राहींच्या शोधाबद्दल ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या दाराचा ४३ अंशांचा उंबरठा कायमचा ठरलेला नाही, ही आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कॅप्सायसिन असताना तो खाली येतो. म्हणून झणझणीत मिसळीवर एरवी सहज पिता येणारा गरम चहा घेतला, तर तो जास्तच पोळतो. जखमेच्या जागीही असेच घडते. दुखावलेल्या पेशींतून प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये बाहेर पडतात, ती जागा आम्लधर्मी होते आणि उंबरठा इतका उतरतो की शरीराची स्वतःची ३७ अंशांची ऊबही दार उघडण्यास पुरते. सुजलेल्या जागेची नुसतीच आग होत राहते, तिचे एक कारण हे आहे.

यावरून दोन प्रकारच्या वेदनाशामकांतील फरक मुलांना छान समजावता येतो. दंतवैद्याचे लिग्नोकेन चेतातंतूंमधील सोडियमची वाट अडवते. त्यामुळे संदेश पुढे जातच नाही. टेलिफोनची तार तोडावी तसे. ॲस्पिरिन तार तोडत नाही. ते प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले व १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. म्हणजे एक औषध बधिर करते, तर दुसरे वाढलेला हळवेपणा पूर्वपदावर आणते. ॲस्पिरिन घेतलेल्या माणसाला सुई टोचली तर ती टोचतेच, याचे कारण इथे सापडते.

गंमत म्हणजे मिरची दोन्ही कामे करते. कॅप्सायसिनचा मारा पुष्कळ वा दीर्घकाळ झाला, तर तेच चेतातंतू काही काळ प्रतिसाद देईनासे होतात. या गुणाचा उपयोग करून वेदना कमी करणारी मलमे व पट्ट्या तयार केल्या जातात.

संवेदीकरण फक्त कातडीतच होते असे नाही. बोटाला चटका बसला की भाजलेल्या जागेच्या भोवतालची, मुळीच न भाजलेली कातडीही हळवी होते. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, दुखापतीनंतर मज्जारज्जूतील पेशीही अधिक ‘तिखट कानाच्या’ होतात. मग साध्या स्पर्शाचा संदेशही पुढे वेदना म्हणून जाऊ शकतो. सहसा जखम भरून येते तसा हा हळवेपणा ओसरतो. काहींच्या बाबतीत मात्र तो मागे राहतो. अशा माणसाची कातडी वरून निरोगी दिसते, पण त्याची वेदना खरी असते. ‘काही दिसत तर नाही, मग नाटक करतोस काय?’ असे विद्यार्थ्याला म्हणण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

इतका त्रास देणारी ही व्यवस्था निसर्गाने ठेवलीच कशाला? याचे उत्तर बधिरतेकडे पाहिले म्हणजे मिळते. कुष्ठरोगाचे जंतू चेतातंतूंना इजा करतात व हातापायांची संवेदना जाते. बोटे झडतात ती रोगानेच, असा समज पूर्वी सार्वत्रिक होता. वेल्लोर येथे काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी हे नुकसान मुख्यतः न जाणवलेल्या जखमांमुळे होते, हे दाखवून दिले. तापलेले भांडे हातात धरले तरी चटका कळत नाही, पायात काटा मोडला तरी माणूस चालतच राहतो. हुळहुळणारी जागा आपण आपोआप जपतो. बधिर जागा जपण्याची आठवण कोणी करून देत नाही.

शिक्षकांना याचा थेट उपयोग आहे. एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर त्याला एकटे बोलावून डोळे मिटायला सांगावे. कापसाच्या टोकाने चट्ट्यावर व शेजारच्या कातडीवर हलका स्पर्श करावा आणि स्पर्श कळला तिथे बोट ठेवण्यास सांगावे. चट्ट्यावरचा स्पर्श कळत नसेल, तर गाजावाजा न करता पालकांना सरकारी आरोग्य केंद्रात जाण्यास सुचवावे. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार तिथे मोफत मिळतो व वेळेवर सुरू केल्यास विकृती टळते. मूल ‘दुखत नाही’ म्हणते म्हणून अशा चट्ट्याकडे दुर्लक्ष करू नये. त्याचे न दुखणे हीच तर धोक्याची खूण आहे.

संवेदीकरणाचा अनुभव वर्गात द्यायचा असेल, तर मिरचीची गरज नाही. साध्या पाण्याचा एक घोट घेऊन तो किती गार वाटतो ते पाहावे. मग पेपरमिंटची गोळी चघळून त्याच पाण्याचा घोट घ्यावा. पाणी एकदम थंडगार लागेल. थंडी ओळखणारे असेच एक दार आहे, आणि मेंथॉलमुळे ते नेहमीपेक्षा वरच्या तापमानालाच उघडते. दोन्ही वेळा पाण्यात तापमापक बुडवून आकडा लिहून ठेवण्यास विसरू नये. पाणी गार झाले नाही, याची मुलांना त्यामुळे खात्री पटेल. ‘मग गार काय झाले?’ असा प्रश्न मुलांनी विचारला, की पाठ सुरू करायला हरकत नाही.