इस्ट्रोजेन, मेंदू आणि पाळी पुढे ढकलण्याची गोळी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ वाटून झाला की आमच्या मंडळात प्रकृतीच्या गप्पा सुरू होतात. यंदा एका मैत्रिणीने मला बाजूला घेऊन विचारले, "पाळी गेल्यापासून अंगातून नुसत्या वाफा निघतात. डॉक्टर म्हणतात हॉर्मोनची पट्टी लावा, आणि जाऊबाई म्हणतात त्याने अर्धांगवायू होतो. खरे कोणाचे?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण एकूण प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. साठा मात्र जवळजवळ नाहीच. रक्तपुरवठा काही मिनिटे थांबला तरी पेशी मरू लागतात. म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या लवचीक असणे फार गरजेचे. या वाहिन्यांना आतून एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते; त्यामुळे वाहिनीभोवतीचे स्नायू सैलावतात आणि वाट रुंद होते. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक अस्तराला हा वायू अधिक बनवायला लावते. पाळी चालू असलेल्या वयात रक्तदाब आणि धमन्यांचे विकार स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी होतात, त्याचे हे एक कारण. पाळी गेली की हा पहारा उठतो.

मग बाहेरून इस्ट्रोजेन दिले की झाले, असे डॉक्टरांना वाटणे स्वाभाविक होते. अमेरिकेत १९४२ मध्ये 'प्रेमारिन' ही गोळी आली. ती गाभण घोडींच्या मूत्रापासून बनते आणि तिचे नावही त्यावरूनच पडले आहे. (घेणाऱ्या किती जणींना हे ठाऊक होते, देव जाणे!) पुढे १९७६ मध्ये १,२१,७०० परिचारिकांची पाहणी सुरू झाली. तीत संप्रेरके घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो असे दिसले. पण स्वतःहून अशी गोळी घेणाऱ्या स्त्रिया बहुधा सुस्थितीतल्या आणि प्रकृतीला जपणाऱ्या असतात. गुण गोळीचा की राहणीचा, हे कसे ठरवायचे?

त्यासाठी 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या प्रयोगात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रियांची विभागणी केली. काहींना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिनची गोळी दिली, काहींना औषध नसलेली. जुलै २००२ मध्ये प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. पक्षाघाताचे प्रमाण दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला २१ होते, ते गोळी घेणाऱ्यांत २९ निघाले. गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन दिले होते. त्यांच्यातही २००४ मध्ये तसेच दिसले. जाऊबाईंची भीती आली ती इथून.

पण या प्रयोगातल्या बायकांचे सरासरी वय ६३ होते. पाळी जाऊन दहा-बारा वर्षे लोटलेली, अनेकींच्या धमन्यांत मेद साचू लागलेला. अशा कडक धमनीला इस्ट्रोजेनचा उपयोग होत नाही, असे बऱ्याच संशोधकांचे मत आहे. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. पोटात घेतलेली गोळी आधी यकृतातून जाते आणि यकृत रक्त गोठवणारी द्रव्ये जास्त बनवू लागते. कातडीवरच्या पट्टीतले औषध थेट रक्तात उतरते, हा फेरा टळतो. ब्रिटनमधल्या २०१० च्या एका मोठ्या पाहणीत कमी मात्रेच्या पट्टीने पक्षाघात वाढलेला दिसला नाही. जास्त मात्रेच्या पट्टीने मात्र दिसला.

पुरुषमंडळींनीही हसू नये. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पाच हजारांवर पुरुषांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. ते संप्रेरक दिल्याने पक्षाघात वा हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, पण हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण वाढले. अशा हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते.

आता आपल्या घरातली गोष्ट. लग्न किंवा गणपतीसाठी भारतात जायचे आणि पाळीची तारीख नेमकी तेव्हाच! मग कुणाच्या तरी पर्समधून गोळ्या निघतात. त्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते. त्याचा थोडा अंश शरीरात संततिनियमनाच्या गोळ्यांतल्याच इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. काही जणी तर संततिनियमनाच्याच गोळ्या लांबवतात. त्यांनी मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. आठवडाभराच्या गोळ्यांनी असे होणे विरळा, हे खरे. पण त्यात सोळा तासांचा विमानप्रवास, उठायला नको म्हणून न प्यायलेले पाणी आणि वर हरतालिकेचा निर्जळी उपास! घरात कुणाला गुठळीचा त्रास झाला असेल, किंवा अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे लकाकणाऱ्या नागमोडी रेषा दिसत असतील, तर मैत्रिणीची गोळी घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे. गोळी चालू असताना कधी नव्हे अशी डोकेदुखी सुरू झाली, ओकाऱ्या झाल्या, दिसेनासे झाले, तर जेट लॅग म्हणून झोपून राहू नये.

मैत्रिणीला मी वय विचारले: ५२. पाळी जाऊन दीड वर्ष, धूम्रपान नाही, अर्धशिशी नाही. म्हणजे पट्टीला अडचण दिसत नव्हती. रक्तदाब? तो तिने दोन वर्षांत मोजलेलाच नव्हता. यजमानीणबाईंच्या घरी यंत्र होते. दोनदा मोजला, दोन्ही वेळा १६० च्या पुढे. पट्टीचा विषय तिथेच राहिला आणि सोमवारी डॉक्टरांना फोन करायचा तो या आकड्यासाठी, असे ठरले.