अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञांचा आंतरराज्य परवाना करार : स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना :
पक्षाघात, अपघात किंवा जन्मजात व्यंग यांमुळे परावलंबी झालेल्या व्यक्तीस जेवणे, कपडे घालणे, लिहिणे या क्रिया पुन्हा स्वतः करता याव्यात, हे व्यवसायोपचाराचे उद्दिष्ट होय. हे उपचार अनेकदा दीर्घकाळ चालतात. मध्येच रुग्ण दुसऱ्या राज्यात राहावयास गेल्यास अमेरिकेत परवान्याचा प्रश्न उद्भवतो. त्यावरील उपायाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी :
अमेरिकेत व्यवसायांचे नियमन प्रामुख्याने राज्यांकडे आहे. 'डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया' (१८८९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय परवान्याबाबतचा राज्याचा अधिकार मान्य केला. व्यवसायोपचारतज्ज्ञांची प्रमाणन परीक्षा राष्ट्रीय स्तरावर एकच असली, तरी परवाना मात्र प्रत्येक राज्याचा स्वतंत्र असतो. दूरसंचार माध्यमातून उपचार देतानाही सामान्यतः रुग्ण ज्या राज्यात असेल तेथील कायदा लागू होतो. त्यामुळे तज्ज्ञ तोच, रुग्णही तोच. परंतु राज्याची सीमा ओलांडताच उपचार खंडित होण्याचा धोका निर्माण होतो.

कराराचे स्वरूप :
या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना व प्रमाणन मंडळ यांच्या पुढाकाराने कराराचा नमुना कायदा तयार झाला. २०२१ मध्ये व्हर्जिनियाने तो सर्वप्रथम संमत केला. दहा राज्यांच्या संमतीनंतर करार अमलात यावा, अशी त्यात तरतूद होती. पुढे सदस्य राज्यांची संख्या तीसहून अधिक झाली.

करारानुसार तज्ज्ञाने आपल्या निवासाच्या राज्याचा निर्वेध परवाना धारण करणे आवश्यक आहे. त्याआधारे अन्य सदस्य राज्यात व्यवसाय करण्याची अनुज्ञा मिळते. परिचारिकांच्या करारात एकच परवाना अनेक राज्यांत चालतो. येथे मात्र प्रत्येक राज्यासाठी वेगळी अनुज्ञा घ्यावी लागते. सहाय्यक व्यवसायोपचारतज्ज्ञांनाही हा करार लागू आहे.

मर्यादा :
अनुज्ञाधारकावर उपचाराच्या राज्याचेच नियम बंधनकारक असतात. गैरवर्तन घडल्यास ते राज्य अनुज्ञा रद्द करू शकते. मूळ परवान्यावरील कारवाई मात्र निवासाचे राज्यच करते. तसेच सदस्य नसलेल्या राज्यातील रुग्णास या व्यवस्थेचा लाभ मिळत नाही.

समारोप :
सारांश, हा करार परवाना पद्धती नष्ट करीत नाही. पात्रतेची पुनःपुन्हा होणारी तपासणी तो टाळतो, तर वर्तनावरील नियंत्रण राज्यांकडेच ठेवतो. रुग्णाच्या उपचारांतील सातत्य आणि त्याची सुरक्षितता यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न असून, त्याचे यश राज्यांमधील परस्पर विश्वासावर अवलंबून आहे.