भाकरी, डाळ, पालेभाजी आणि वाटीभर दही

केवळ वनस्पतिजन्य आहार घेतल्याने प्रकृती सुधारते, असा उपदेश हल्ली खेड्यापाड्यांतूनही कानी पडू लागला आहे. शहरातून सुटीला आलेला मुलगा वडिलांचा मधुमेह पाहून हाच सल्ला देतो, आणि गावच्या पारावरही त्याची चर्चा होते. शेतकऱ्याला मात्र याचे नवल वाटते. सणवार, जत्रा आणि पाहुणारावळा सोडला, तर बहुतेक शेतकरी घरांची चूल बाराही महिने धान्य, डाळ आणि भाजी यांवरच चालत आलेली आहे. "आम्ही तर जन्मभर भाजीभाकरीच खात आलो; मग आमच्या घरच्या बायकांच्या अंगात रक्त का नाही?" असा प्रश्न एखाद्याने कार्यकर्त्याला विचारला, तर त्याने निरुत्तर होता कामा नये. प्रश्न रास्त आहे. सन २०१९-२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळून आले. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकांत हेच प्रमाण ६८.९ टक्के होते.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम ताटाकडे पाहावे लागते, आणि तेही घरातील शेवटच्या ताटाकडे. घरधन्याला व मुलांना वाढून झाल्यावर गृहिणी जेवावयास बसते, तेव्हा डाळीच्या भांड्यात वरचे पाणी तेवढे उरलेले असते. भाजीचा रस्सा असतो, भाजी नसते. मग ती दोन भाकरी, चटणी आणि कांदा यांवर भूक भागवते, आणि त्यावर चहा घेते. हे जेवण वनस्पतिजन्य आहे यात शंका नाही. परंतु त्याला चौरस आहार म्हणता येणार नाही. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हीच गोष्ट सुमारे शंभर वर्षांपूर्वी मुंबईत एका बाईंच्या ध्यानी आली. डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिका १९२८ साली मुंबईस आल्या आणि हाफकिन संस्थेत राहून गरोदर स्त्रियांच्या एका तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. कापड गिरण्यांतील कामकरी कुटुंबांतल्या कित्येक स्त्रिया या व्याधीने दगावत असत. हा रोग जंतूंमुळे होत असावा असा प्रारंभी संशय होता. पण तसा पुरावा मिळेना. तेव्हा बाईंनी या स्त्रिया काय खातात, याची चौकशी केली. त्यांच्या जेवणात फळे आणि भाज्या जवळजवळ नव्हत्याच. पुढे यीस्टचा अर्क दिल्याने हा रक्तक्षय हटतो, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, हे कळावयास आणखी दहा वर्षे लागली. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९४१ साली चार टन पालकाची पाने खर्ची घालून ते वेगळे काढले, आणि लॅटिन भाषेतील पान या अर्थाच्या शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल असे नाव दिले. आज गरोदर स्त्रीला उपकेंद्रातून लोहाबरोबर जी गोळी मिळते, तिच्यात हेच द्रव्य असते. आपण जी पालेभाजी 'काय घासपाला' म्हणून बाजूस सारतो, तिची ही योग्यता आहे.

पालेभाजीचा गुण केवळ गिरणगावातच दिसला असे नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांची व पुढे त्यांच्या मुलांची दीर्घकाळ पाहणी केली. या स्त्रिया बहुतांशी शेतकरी कुटुंबांतील होत्या. ज्या मातांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार येत होते, त्यांची मुले जन्मतः अधिक वजनाची होती, असा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. यातील एकही वस्तू परदेशातून आणावी लागत नाही. मेथी, पालक, चाकवत, तांदुळजा, माठ, शेपू, राजगिरा यांचे बी गावच्या बाजारात मिळते; घोळ व टाकळा तर पावसाळ्यात आपोआप उगवतात. शेवग्याचे एक झाड दारी असले, तर शेंगांबरोबर पाल्याचीही सोय होते. मेथी-पालकाचे एकच मोठे वाफे न करता दर दहा-बारा दिवसांनी एकेक लहान वाफा पेरीत जावे, म्हणजे भाजी एकदम न येता घरापुरती सतत मिळत राहते. मोरीच्या पाण्यावर आळू आणि केळ लावावी. एक लिंबाचे झाड मात्र अवश्य असावे. त्याचे कारण पुढे येईल. परसबागेत औषधफवारणी टाळता येते, हाही एक लाभच आहे.

भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, चिरल्यावर नव्हे. कित्येक घरी अंबाडी, मेथी वगैरे भाज्या उकळून, पाणी पिळून टाकून मग फोडणीस घालतात. त्या पाण्याबरोबर फॉलिक आम्ल आणि क जीवनसत्त्व दोन्ही निघून जातात. अंबाडीचा आंबटपणा फारच असेल तर तिच्यात डाळ व कण्या अधिक घालाव्यात, पाणी टाकू नये. तसेच फोडणीच्या थोड्या तेलात भय नाही. पाल्यातील अ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य अंगी लागण्यास थोडा स्निग्ध पदार्थ लागतोच.

आता धान्याकडे वळू. सन १९६० च्या सुमारास महाराष्ट्रात ज्वारीखाली सुमारे ६० लाख हेक्टर क्षेत्र होते. आज ते निम्म्याहून पुष्कळच कमी झाले आहे. भाकरीची जागा पॉलिश केलेल्या तांदळाने, मैद्याच्या बिस्किटांनी आणि साखरेच्या चहाने घेतली, आणि गावोगाव मधुमेह दिसू लागण्यास जी अनेक कारणे झाली त्यांत हेही एक आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळले, त्यामुळे ज्वारी-बाजरीला शहरात पुन्हा मान मिळाला, हे चांगलेच झाले. नाचणीच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना असतो. म्हणजे तितक्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. बाजरीत लोह अधिक असते, आणि 'धनशक्ती' हा वाण तर त्याच हेतूने काढलेला आहे. तथापि एकट्या धान्याच्या नादी लागू नये. हैदराबाद येथील पोषणशास्त्रज्ञ डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली दाखवून दिले, की दख्खनच्या पठारावर ज्या गरिबांचे जेवण म्हणजे केवळ ज्वारी होती, त्यांच्यात पेलाग्रा नावाचा त्वचेचा व मनाचा विकार होत असे. ज्वारीत दोष होता असे नव्हे. ताटात ती एकटी होती.

तिला सोबत हवी ती डाळीची. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हे द्रव्य कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत जे कमी पडते ते धान्यात असते. दोन्ही एकत्र खाल्ली की प्रथिने अधिक कसदार होतात. भाकरी-पिठले, खिचडी, वरणभात ही जोडपी आपल्या पूर्वजांनी शास्त्र न शिकताच लावून दिली. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, २००० उष्मांकांच्या रोजच्या आहारात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३५ ग्रॅम शेंगदाणे-तीळ यांसारखा तेलबियांचा सुकामेवा, २७ ग्रॅम तेल आणि ३०० मिलिलीटर दूध वा दही असावे. शेतात राबणाऱ्यास धान्य याहून अधिक लागेल, हे उघड आहे. ८५ ग्रॅम म्हणजे साधारण तीन मुठी कोरडे कडधान्य. किती घरांत माणशी एवढे शिजते, याचा हिशेब कार्यकर्त्याने गृहिणीजवळ बसून स्वतः करून पाहावा.

हाच हिशेब वर्षाचा मांडला तर असा होतो : माणशी ३१ किलो, पाच माणसांच्या कुटुंबास १५५ किलो. डाळ करताना टरफल-चुरी जाते ती धरली, तर सुमारे दोन क्विंटल अख्खी कडधान्ये घरात हवीत. हा आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी, कपाशीत मूग किंवा उडीद, बाजरीत मटकी, ही आंतरपिके शेतकऱ्यास नवी नाहीत. नुकसान होते ते पुढे. काढणी झाली की सगळी तूर बाजार समितीत जाते, आणि चार महिन्यांनी तीच डाळ वाण्याकडून चढ्या भावाने अर्धा-अर्धा किलो आणली जाते. भाव वाढला की आमटी पातळ होते. म्हणून तूर, मूग, मटकी, हरभरा मिळून घरचे दोन क्विंटल प्रथम बाजूस काढावेत, कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवावेत आणि उरलेले विकावे. सोयाबीन पिकविणाऱ्यांनी त्याचा थोडा अंशही घरी ठेवावा. ते कच्चे दळू नये. पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे उकळून, वाळवून मग नऊ भाग ज्वारी किंवा गव्हात एक भाग मिसळून दळावे.

वनस्पतीतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्याला क जीवनसत्त्वाची मदत लागते, म्हणून परसात लिंबू असावे असे वर म्हटले. जेवताना भाजीवर अर्धे लिंबू पिळावे. नाही तर आवळा, पेरू, कैरी यांपैकी जे हंगामात असेल ते घ्यावे. कडधान्य भिजवून मोड आणल्यानेही हे काम सुकर होते. याउलट चहा हा लोहाचा वैरी आहे. सकाळी चहात चपाती बुडवून खाण्याची व जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय मोडणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. निदान जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

एवढे सर्व केले तरी एक उणीव राहते, आणि ती पुण्याच्या त्याच गावांत उघडकीस आली. संशोधकांनी त्या गरोदर स्त्रियांचे रक्त तपासले, तेव्हा फॉलिक आम्लाची उणीव केवळ एकीत आढळली. पण ब-१२ हे जीवनसत्त्व दोन-तृतीयांश स्त्रियांत कमी होते. डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केले, की ज्या मातांत ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनचे कार्य मंद होण्याचा कल दिसत होता. म्हणजे मधुमेहाची चाहूल मातेच्या ताटापर्यंत मागे जाते. ब-१२ कोणत्याही पालेभाजीत, डाळीत वा धान्यात विश्वासार्ह प्रमाणात नसते. आंबील किंवा इडली आंबविल्यानेही त्याचा भरवसा धरता येत नाही. ते मिळते दूध, दही, ताक, अंडी, मासे व मांस यांतून. प्रौढाची रोजची गरज सुमारे २.२ मायक्रोग्रॅम आहे. ३०० मिलिलीटर दुधातून तिचा निम्मा भाग भरून निघतो.

आणि येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. ज्या घरी दोन म्हशी बांधलेल्या आहेत, त्या घरच्या सुनेच्या वाट्यास दूध येत नाही. सकाळ-संध्याकाळ किटली डेअरीवर जाते, मागे राहते ते चहापुरते. दुधाच्या पैशावर घर चालते, हे खरे. ते विकू नका असे कोणी म्हणणार नाही. पण किटली भरण्यापूर्वी लिटर-दीड लिटर दूध विरजणासाठी काढून ठेवावे आणि त्यातील एक वाटी दही गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या बाईच्या ताटात, तिच्या नावाने, प्रथम वाढावे. जे अंडी वा मासळी खातात, त्यांनी ती सोडावी असा या लेखाचा आग्रह नाही. जे दूधही घेत नाहीत, त्यांनी डॉक्टरांना विचारून ब-१२ ची गोळी नियमाने घ्यावी. उपकेंद्रातील लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या गरोदर स्त्रीने चौथ्या महिन्यापासून १८० दिवस घ्यावयाच्या असतात; आहार सुधारला म्हणून त्या थांबवू नयेत.

मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे. भात व साखर कमी करून डाळ, भाजी व भाकरी वाढविली की रक्तातील साखर उतरू लागते, आणि गोळ्यांची मात्रा तीच राहिली तर ती गरजेहून खाली जाऊन घेरी येण्याचा संभव असतो. मात्रा डॉक्टरांनी कमी करावयाची, रोग्याने नव्हे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ उतरते, तेव्हा त्यांनी ते तपासून घ्यावे.

आपल्या गावात आरंभ करताना कार्यकर्त्याने सभा घेण्यापेक्षा चार-पाच घरे निवडावीत, तीही गरोदर स्त्री असलेली. पहिल्या भेटीत मेथी-पालकाचे बी व शेवग्याची एक कांडी द्यावी. तीस दिवसांनी मेथीची काढणी होते. त्या सुमारास पुन्हा जावे, शक्यतो दुपारी जेवणाच्या वेळी, आणि शेवटचे ताट कोणाचे आहे व त्यात काय आहे, हे पाहून वहीत टिपून ठेवावे.