पहिली इलेक्ट्रिक गिटार

अंधेरी-बोरिवलीकडील एखादा होतकरू मुलगा वडिलांस घेऊन गिटारखरेदीस निघतो, तेव्हा पावले बहुधा धोबी तलावाकडे, १८६५ साली स्थापन झालेल्या फुर्टाडोज या जुन्या पेढीकडे वळतात, आणि तेथे सर्वांत झगझगीत वाद्यावर त्याची नजर खिळते. रंगाची ही बाब तूर्त दूर ठेवावी (वडिलांनी किमतीचीही, क्षणभर). खरा विचार पिकअपचा, म्हणजे तारेच्या कंपनापासून विद्युत्-संकेत निर्माण करणाऱ्या, चुंबकाभोवती बारीक तारेचे वेटोळे असलेल्या भागाचा करावयाचा असतो. एका वेटोळ्याचा पिकअप स्वच्छ, टणत्कारी नाद देतो, परंतु घरातल्या विजेची घरघरही सोबत आणतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी ज्याच्या एकस्वासाठी १९५५ साली अर्ज केला, तो दोन वेटोळ्यांचा हंबकर ती घरघर परस्पर मिटवतो आणि नादास भरदारपणा आणतो. म्हणून ब्रिजपाशी हंबकर, पुढे दोन साधे पिकअप व पाच जागांची कळ, अशा रचनेची मी बेलाशक शिफारस करीन: गझलेच्या साथीपासून रॉकपर्यंत सारे तीत निभावते. ब्रिज मात्र स्थिर असावा. हलता ब्रिज नवशिक्याचा निम्मा उत्साह सूर जुळवण्यातच खर्ची घालतो.

दुकानातच बाराव्या फ्रेटवर तार दाबून वाजवावी, मग त्याच जागी बोट नुसते टेकवून. दोन्ही स्वर एकच निघाले पाहिजेत. फ्रेटची टोके तळहातास बोचता कामा नयेत. मुलुंड-घाटकोपरच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात अॅम्प्लिफायर लहान, हेडफोन जोडता येणारा घ्यावा. पावसाळ्यात तारा लवकर गंजतात; वादन संपताच त्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात.